लिहायचं नाव, हाकेचं नाव

फेल्डरबाईंच्या घराच्या मागच्या कुंपणाला लागूनच गोऱ्या मुलांची शाळा होती, आणि तिच्या घंटेवर आमच्या सगळ्या गल्लीचं घड्याळ चालायचं. पहिली घंटा झाली की फेल्डरबाई केस सरळ करायचा लोखंडी कंगवा चुलीवर तापत ठेवायच्या. मधल्या सुट्टीच्या घंटेपर्यंत खुर्चीत बसलेल्या गिऱ्हाइकाचं अर्धं डोकं झालेलं असायचं. त्या घंटेचा उपयोग नव्हता तो एकट्या वर्डीला, बाईंच्या बारा वर्षांच्या मुलीला. तिची शाळा काळ्या मुलांची, कापसाच्या शेतांपलीकडे तीन मैलांवर. तिथं वेळेत पोचायचं तर कुंपणापलीकडची घंटा व्हायच्या कितीतरी आधी तिला घरातून निघावं लागे.

हे १९५१ सालचं, साउथ कॅरोलिनातल्या आमच्या टिलबी गावातलं.

फेल्डरबाईंना राग लवकर येतो असं गावात म्हणत. ते काही खरं नाही. राग यायला तो आधी जावा लागतो, आणि त्यांचा कधी गेलेलाच नव्हता. आणि जाणार तरी कसा? वर्डीच्या शाळेच्या संडासाला दार नव्हतं. ते दार मिळावं म्हणून बाईंनी काउंटीच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, शाळा मंडळाकडे सहा वर्षं खेटे घातले. दर वेळी एकच उत्तर: बघू. शेवटी एकदा त्या म्हणाल्या, "बघायचं काय त्यात? दारच नाही, सगळं दिसतंच आहे." शेगडीचा कोळसा पालकांनी आणायचा. मुलांसाठी बस नाही, म्हणून पालकांनी एक मोडकी बस घेतली, ती दर पंधरा दिवसांनी बंद पडायची, ती पालकांनीच ढकलायची. आणि शेजारून गोऱ्या मुलांची पिवळीजर्द बस चिखल उडवत गेली की ते कपडेही पालकांनीच धुवायचे.

आता नावाचं सांगायला हवं, कारण पुढं सगळं घोडं तिथंच अडलं. आमच्याकडे गोऱ्यांच्या तोंडी काळी बाई चाळिशीपर्यंत 'पोरी' असते आणि चाळिशीनंतर 'आंटी'. तिचं पहिलं नाव कळलं तर मग विचारूच नका, किराणा दुकानातलं मिसरूड न फुटलेलं पोरगंही आजीच्या वयाच्या बाईला अगंतुगं करून नावानं हाक मारतं. आमच्या बाईला 'मिसेस' म्हणायचं झालं तर त्यांची जीभ टाळ्याला चिकटते. म्हणून आमच्याकडच्या कितीतरी बायका गोऱ्यांना पहिलं नाव सांगतच नाहीत. पावतीवर, पाटीवर, सगळीकडे नुसतं आद्याक्षर. फेल्डरबाईंच्या दारावर पाटी होती: 'मिसेस टी. फेल्डर. इथं केस करून मिळतील.' टी म्हणजे काय, हे गल्लीतल्या कोणालाही ठाऊक नव्हतं. त्यांचा नवरा हॉलिस चारचौघांतच काय, स्वयंपाकघरातही त्यांना 'मिसेस फेल्डर' म्हणायचा आणि त्या त्याला 'मिस्टर फेल्डर'. आईचं नावच मिसेस आहे अशी वर्डीची बरीच वर्षं समजूत होती.

याच्या मागं बाईंची आई होती, मेहेटाबेल. ती एका गोऱ्या घरी जन्मभर स्वयंपाक करायची. मालकिणीला ते नाव फार लांबलचक वाटलं, म्हणून तिनं पहिल्याच दिवशी ते 'सॅली' करून टाकलं. मेहेटाबेल मुलीला कायम बजावायची, "तुझं नाव त्यांच्या हातात देऊ नकोस. ते खराब करून परत देतात." म्हातारी गेली तेव्हा मालकिणीकडून भलंमोठं पुष्पचक्र आलं, आणि त्याच्या फितीवर सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं: 'आमच्या लाडक्या सॅलीस.' चर्चमध्ये बसलेले परगावचे पाहुणे एकमेकांना विचारायला लागले, ही सॅली कोण? आपण चुकीच्या मयताला तर आलो नाही ना? बाईंनी सगळ्यांदेखत ती फीत कात्रीनं कापली आणि पर्समध्ये कोंबली. घरी गेल्यावर चुलीत घातली.

शेवटी शाळांवरून काउंटीविरुद्ध खटला भरायचं ठरलं, तेव्हा राज्याच्या राजधानीहून, कोलंबियाहून, व्हिटेकर नावाचा एक तरुण वकील आला, आमच्यातलाच. चर्चमध्ये उभा राहून तो म्हणाला, दार मागू नका, बस मागू नका, कोळसा तर मुळीच मागू नका. "ते दार लावून देतील आणि म्हणतील, झाली ना आता बरोबरी? आपण एकच मागायचं. रंग बघून मुलांना वेगळ्या शाळेत घालणंच बेकायदा ठरवा." सगळ्यांच्या हातातले पुठ्ठ्याचे पंखे हलायचे थांबले. फेल्डरबाई तेवढ्या उठल्या.

"हे सहा वर्षांपूर्वी येऊन सांगायला काय झालं होतं?" त्या म्हणाल्या. "माझे बुटांचे तीन जोड झिजले."

बऱ्याच घरांनी खटल्यात नावं दिली, आणि मग ती एकेक गळायला लागली. एकाला लाकडाच्या वखारीतून काढलं. दुसरा कुळानं जमीन कसत होता, त्याला पीक उभं असताना घर खाली करायला सांगितलं. बाईंना या माणसांची चीड यायची, आणि त्यांना दोष देता येत नाही याची त्याहून जास्त चीड यायची. त्यांचं स्वतःचं बरं होतं, कारण त्यांच्या खुर्चीत गोरं डोकं कधी बसलंच नव्हतं. हॉलिस आमच्याच गॅडी नावाच्या गृहस्थांच्या अंत्यसंस्काराच्या दुकानात गाडी चालवायचा, त्यामुळे त्यालाही गोऱ्यांकडून धक्का नव्हता. पण दुकानाचा परवाना सरकारी. गॅडी घाबरले. म्हणाले, हॉलिस, तू सही करू नकोस, बायकोचं बायको बघेल. म्हणून कागदावर एकटी सही पडली: मिसेस टी. फेल्डर. आणि शेवटी त्या कागदावर तेवढंच एक नाव उरलं. ज्याचं मूल त्या शाळेत जातं असं एक तरी माणूस फिर्यादी म्हणून उभं पाहिजे, असा कायदा. ते हललं की सगळा खटला आडवा.

तेवढ्यात काउंटीला आमच्या मुलांविषयी अचानक प्रेमाचं भरतं आलं. शेतांपलीकडे, तिथंच तीन मैलांवर, लाल विटांची नवी शाळा उभी राहायला लागली. खेळायला मैदान, शेगडीऐवजी बॉयलर, ओळीनं संडास, आणि प्रत्येकाला दार. रेव्हरंड डिकर्सन, आमच्या चर्चचे पाळक, मोठ्या आनंदानं बाईंच्या घरी आले. बाई एका गिऱ्हाइकाच्या डोक्यात गुंतल्या होत्या.

"सिस्टर फेल्डर, दारं आली हो!"

"आली ना. सहा वर्षं मागत होते तेव्हा एका फळीला महाग होते. कोर्टात गेलो तर अख्खं जंगल सापडलं त्यांना?"

"मिळतंय ते पदरात घ्यावं, असं आपलं मला वाटतं. तुम्ही नाव काढून घेतलंत तर लोकांच्या पोटावरचा पाय तरी निघेल. देवानंच दिलं म्हणायचं."

"देवानं दिलं असतं तर माझ्या कुंपणामागं दिलं असतं, रेव्हरंड. त्याला तीन मैल लांब बांधायची काय गरज? आणि जरा बाजूला व्हा, कंगवा तापलाय."

रेव्हरंड बाजूला झाले ते थेट फाटकाबाहेर गेले.

सुनावणी शहरातल्या मोठ्या कोर्टात होती. जायचं कसं हा प्रश्न होता, तर ज्यांनी सही करू दिली नाही त्याच गॅडींनी मयताच्या घरच्यांना बसवायची लांब काळी गाडी काढून दिली. "वाटेत कोणी अडवलं तर सांग, मयत आहे," ते हॉलिसला म्हणाले. हॉलिसनं विचारलं, "कोणाचं?" "ते कोर्ट ठरवेल," गॅडी म्हणाले आणि दुकानात निघून गेले.

काउंटीचा वकील कॉल्विन म्हणजे मधाळ आवाजाचा, ऐसपैस माणूस. बाई साक्षीला उभ्या राहिल्या. हॅट, पांढरे हातमोजे, सगळं चर्चला जाताना असतं तसं.

"तुझं नाव?"

"मिसेस फेल्डर."

"मी पहिलं नाव विचारतोय."

"मिसेस."

मागच्या बाकांवर आमची माणसं हसली. कॉल्विन हसला नाही. त्याला हवं होतं ते सापडलं होतं. तो न्यायाधीशांकडे वळला. कागदावर कोणी एक 'मिसेस टी. फेल्डर' आहे, म्हणाला, पण या नावाची बाई कुठल्याच दप्तरात नाही. कर नवऱ्याच्या नावे, शाळेत नोंद नवऱ्याची. फिर्यादी कोण तेच कोर्टाला माहीत नसेल तर फिर्याद कसली? एका आद्याक्षरासाठी राज्यातल्या सगळ्या शाळा उलट्यापालट्या करायच्या का? खटला काढून टाकावा, अशी त्यानं विनंती केली.

तिघा न्यायाधीशांत मधले होते त्यांनी घड्याळाकडे बघितलं. साक्षीदारानं जेवणाच्या सुट्टीनंतर पूर्ण नाव सांगावं, नाही सांगितलं तर विनंतीचा विचार करू, असं म्हणून ते उठले.

बाहेर पायऱ्यांवर व्हिटेकरचा धीर सुटला. "बाई, मी तुमच्या पाया पडतो! दोन वर्षं मी यासाठी झोपलो नाही. तज्ज्ञ आणलेत, नकाशे आणलेत, आणि घटनेचं सगळं गाडं तुमच्या पाळण्यातल्या नावाशी अडलंय. मी तुम्हाला सही घेताना विचारलं होतं की नाही?"

"विचारलं होतंत. टी म्हणून सांगितलं होतं."

"टी हे नाव असतं का?"

"त्यांना पुरेल एवढं असतं."

कोर्टासमोर दोन खानावळी होत्या, दोन्ही गोऱ्यांच्या. आम्हाला बसून खाता येईल अशी जागा आसपास नव्हती, आणि संडास तर तीन रस्ते ओलांडून. व्हिटेकर कपाळाला हात लावत वर्डीला तिकडे घेऊन गेला. बाई आणि हॉलिस काळ्या गाडीत बसले. मांडीवर बुटाच्या खोक्यात घरून आणलेली तळलेली कोंबडी आणि पावासारखी मऊ बिस्किटं. हॉलिस सावकाश खात होता. त्याचा तो सावकाशपणा बाईंच्या डोक्यात जायचा.

"बोला की काहीतरी, मिस्टर फेल्डर. मयत घेऊन निघालात का?"

"गाडी तर तीच आहे," तो म्हणाला. मग त्यानं काच वर केली, आजूबाजूला बघितलं, आणि एरवी जे नाव तो फक्त दिवा मालवल्यावर घ्यायचा, त्या नावानं बाईंना हाक मारली. "तुझ्या आईनं हे कुठून काढलं होतं गं?"

"तुम्हाला ठाऊक आहे. बायबलातून. त्या पाच बहिणींतली धाकटी."

"त्या कुठं गेल्या होत्या?"

"मोशेकडे. बापाच्या जमिनीत वाटा मागायला. मला काय रविवारच्या शाळेत घातलंय का?"

"मोशेनं नाव विचारलं असेल. तेव्हा त्या काय म्हणाल्या? मिसेस?"

बाईंना हसू येत होतं आणि त्याचाच राग येत होता. त्यांनी बिस्किटाचा तुकडा मोडला.

"पाचहीजणींची नावं लिहिलीत," हॉलिस म्हणाला. "एकदा नाही, पुन्हा पुन्हा. त्यांच्या नवऱ्यांची नावं आहेत कोणाला ठाऊक? लिहून घेतलं म्हणून तर वाटा मिळाला."

"मोशे मला आंटी म्हणाला नसता."

"नसता," हॉलिसनं कबूल केलं. "तेवढं तुलाच बघावं लागेल."

सुट्टीनंतर बाई पुन्हा उभ्या राहिल्या. त्यांनी हातमोज्यातल्या हातानं कठडा घट्ट धरला. भीतीनं नाही. जन्मभर जपलेली वस्तू परक्याच्या टेबलावर ठेवायची, त्याचा तो संताप होता.

"माझं नाव टर्झा," त्या म्हणाल्या. "टर्झा मेहेटाबेल फेल्डर. मधलं माझ्या आईचं. तेही पूर्ण लिहा. लांब आहे, पण लिहा."

कारकुनानं दोनदा अक्षरं विचारून घेतली. मागच्या बाकावर वर्डीनं बापाचा हात ओढला. "पप्पा, टर्झा कोण?"

"तुझी आई," हॉलिस म्हणाला.

कॉल्विन खूश झाला. "छान. आता सांग बघू, टर्झा, नवी शाळा विटांची आहे ना?"

बाई खिडकीकडे बघत राहिल्या.

"टर्झा?"

बाहेर एक बस गेली. ती दिसेनाशी होईपर्यंत त्यांनी बघितली.

"साक्षीदारानं उत्तर द्यावं," मधले न्यायाधीश म्हणाले.

"द्यायलाच आलेय, जज्जसाहेब. पण मला अजून कोणी काही विचारलेलं नाही. आत्ता दिलं ते नाव लिहून घ्यायला दिलंय. हाक मारायचं वेगळं आहे, ते सकाळीच सांगितलं होतं."

व्हिटेकरनं डोळे मिटून घेतले. मधल्या न्यायाधीशांनी एकदा बाईंकडे आणि एकदा कॉल्विनकडे बघितलं, उसासा टाकला आणि म्हणाले, "फिर्यादीचं नाव नोंदलं गेलं आहे. खटला चालेल. मिस्टर कॉल्विन, तुम्ही नाव न घेता विचारा."

म्हणजे पूर्ण न्याय नाहीच. 'मिसेस' म्हणा असं काही त्या भल्या माणसाच्या तोंडून निघालं नाही. पण खटला उभा राहिला. सगळी दुपार कॉल्विन बाईंना कशानंच हाक न मारता प्रश्न विचारत राहिला.

"नव्या शाळेत विटा आहेत, दारं आहेत. आणखी काय हवंय?"

"माझ्या घरामागं एका शाळेची घंटा होते," बाई म्हणाल्या. "ती मी रोज ऐकते. माझ्या मुलीनं ती ऐकून शाळेत जावं. बाकी विटा तुम्हाला ठेवा."

निकाल आमच्या विरुद्ध गेला. नवी शाळा चांगली आहे, तेव्हा बरोबरी झाली, असं कोर्ट म्हणालं. व्हिटेकर वर अपील करायला निघून गेला. टिलबीच्या वर्तमानपत्रात मात्र बाईंचं पूर्ण नाव ठळक अक्षरांत छापून आलं. शनिवारी त्या किराणा दुकानात गेल्या तर गल्ल्यावरचं पोरगं दात काढत ओरडलं, "काय देऊ, टर्झा?" बाई साखर न घेता परत आल्या. घरी येऊन चुलीशी बसल्या आणि रडल्या. त्यांना असं रडताना वर्डीनं त्याआधी पाहिलं नव्हतं. त्या दिवसापासून त्या त्या दुकानात गेल्या नाहीत. सामान हॉलिस आणायचा, आणि नेमकी हवी ती वस्तू विसरायचा.

तीन वर्षांनी देशाच्या सर्वोच्च कोर्टानं आमच्यासारख्याच दुसऱ्या खटल्यांत सांगितलं, वेगळ्या शाळा बेकायदा आहेत. चर्चची घंटा वाजवून वाजवून रेव्हरंड डिकर्सन यांचे हात सुजले. पण पुढच्या वर्षी कोर्टानं जोडून दिलं, हे सगळं विचारपूर्वक आणि त्वरेनं करा. आमच्या काउंटीनं पहिला शब्द ठेवून घेतला आणि दुसरा परत पाठवला. वर्ष गेलं, दहा गेली. ज्या वर्डीसाठी एवढं रामायण झालं ती त्याच विटांच्या शाळेतून शिकून बाहेर पडली. लोमॅक्स नावाच्या मुलाशी तिचं लग्न झालं, तिला मुलगी झाली. आणि एकदाही न विचारता तिनं मुलीचं नाव ठेवलं टर्झा.

"अगं, काय केलंस हे!" बाई म्हणाल्या. "पेपरवाल्यांनी चव्हाट्यावर मांडलं ते पुरलं नाही, म्हणून पोरीच्या गळ्यात बांधलंस?"

"मी ते पहिल्यांदा कोर्टात ऐकलं, ममा," वर्डी म्हणाली. "मला फार आवडलं होतं."

बाईंनी नातीला कधी त्या नावानं हाक मारली नाही. पाळण्यात होती तेव्हापासून त्या तिला 'मिस लोमॅक्स' म्हणायच्या.

१९७० साली, कोर्टाचे आणखी दोन-चार हुकूम झाल्यावर, कुंपणामागची शाळा एकदाची सगळ्यांना उघडली. वर्डी कामावर होती, म्हणून पहिल्या दिवशी नातीला पोचवायला बाई गेल्या. हॅट, पांढरे हातमोजे. गुडघे दुखायचे, म्हणून हॉलिसनं ते पाच मिनिटांचं अंतरही गाडीनं नेलं. घंटा झाली. वर्गाच्या दारापाशी पालक भिंतीला टेकून उभे होते, गोरे एका बाजूला आणि काळे दुसऱ्या. आत एक कोवळी गोरी मास्तरीण हजेरी घेत होती.

"टाय... टायर्झा लोमॅक्स?"

कोणी हललं नाही.

"टिरीझा? अगंबाई, केवढं अवघड." तिनं गोड हसून नातीकडे बघितलं. मुलगी खरंच भली होती, तिच्या मनात काही नव्हतं. "आपण असं करू या का? आपण तुला टेरी म्हणू. सोपं पडेल सगळ्यांना."

"टर्झा!"

त्या आवाजानं अख्खी ओसरी हलली. फेल्डरबाई दारात उभ्या होत्या. जे नाव त्यांनी भर कोर्टात हळू आवाजात सांगितलं होतं, ते त्या गोऱ्यांच्या शाळेत कंठ फुटेपर्यंत ओरडल्या होत्या.

"टेरी नाही. टर-झा. दोनच अक्षरं आहेत. म्हणा माझ्यामागून."

मास्तरीण कानापर्यंत लाल झाली. "टर-झा," ती म्हणाली. "टर्झा लोमॅक्स."

"हजर," नात म्हणाली.

"थँक यू. आपण... आपलं नाव?"

"मिसेस फेल्डर."

"थँक यू, मिसेस फेल्डर," मास्तरीण म्हणाली, आणि पुढचं नाव वाचायला लागली.

बाई बाहेर येऊन गाडीत बसल्या. हॉलिसनं काय झालं म्हणून विचारलं. त्यांनी हातमोजे काढले, पुन्हा घातले.

"मिसेस म्हणाली," त्या शेवटी म्हणाल्या. "पहिल्याच फटक्यात. एवढं सोपं होतं, मिस्टर फेल्डर. एवढं सोपं होतं, आणि मेल्यांनी वीस वर्षं लावली."